व्हिजिट विंडो आणि गणपती

०३/०४/२०२१ ही तारीख कुठली? दापोलीत कुणालाही विचारा, ३ एप्रिल म्हणेल. अमेरिकेतल्या हॉस्पिटलातली नर्स ४ मार्च म्हणेल. दोघं आपापल्या जागी बरोबर, पण दोघांनी भरलेले औषध-चाचणीचे फॉर्म शेवटी एकाच तक्त्यात येऊन पडतात. समजा गोळी सुरू झाली ३ एप्रिलला आणि अंगावर पित्त उठलं ६ एप्रिलला. तक्त्याने ती ०६/०४ म्हणजे ४ जून धरली, तर गोळीचा आणि पित्ताचा संबंधच तुटला. औषध निर्दोष सुटलं. म्हणून आमच्याकडे कागदावर महिना अक्षरांत लिहितात आणि डेटाबेसमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२१-०४-०३. टोकियो असो, साओ पाउलो असो, नाहीतर चिपळूण.

मी क्लिनिकल डेटा मॅनेजर आहे. नव्या औषधांच्या चाचण्यांमधून जी माहिती येते ती तपासायची, विसंगती शोधायची आणि ज्यांनी ती भरली त्यांना 'क्वेरी' पाठवून पिडायचं, हे माझं काम. दापोलीला घरी बसून करते. शेजारच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला 'ती लॅपटॉपवर पेशंट बघते' असं सांगतात, आणि मी ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय. त्याआधी काही वर्षं आमच्याच जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात साइट कोऑर्डिनेटर होते. साइट म्हणजे चाचणी जिथे चालते ती जागा, आणि कोऑर्डिनेटर म्हणजे तिथले पेशंट आणि फॉर्म सांभाळणारी. म्हणजे आज ज्यांना क्वेरी पाठवते, त्या खुर्चीत मीही बसलेली आहे. त्यामुळे औषध संशोधनाची सगळ्या जगाला एक पद्धत असावी, अशी चर्चा निघाली की मला दोन्हीकडून बोलता येतं. आज बोलणार आहे.

आता तारखेचंच घ्या. नियम सोपा आहे, पण पेशंट काही तारीख सांगत नाही.

"काका, चक्कर कधीपासून येते?"

"पालखी आमच्या दारात आली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

बरं, शिमग्याची पालखी काही सगळ्या गावांत एकाच दिवशी घरोघर फिरत नाही. या वाडीत आज, त्या वाडीत चार दिवसांनी. कालनिर्णय उघडून होळी सापडते, पालखी सापडत नाही. मग त्यांच्या गावच्या गुरवाला फोन. गुरव शेतावर गेलेला, मग त्याच्या मुलाला फोन. एवढं करून दिवस सापडला तर सापडला. नाही सापडला तर काय करायचं, तेही ठरलेलं आहे: वर्ष-महिना लिहायचा आणि दिवस सोडून द्यायचा. २०२१-०३, बस्स. अंदाजाने १५ तारीख ठोकून द्यायची नाही. मला हा नियम फार आवडतो. जे माहीत नाही त्याची जागा रिकामी ठेवायची, आणि ती रिकामी जागा जगभर एकाच पद्धतीने रिकामी ठेवायची. हे ज्याने ठरवलं तो माणूस कधीतरी खऱ्या पेशंटसमोर बसला असणार.

दुसरी रोजची डोकेदुखी म्हणजे लॅबचे आकडे. उपाशीपोटी साखर १२६ म्हटल्यावर आपल्याकडे घरातली आजीसुद्धा भुवई उंचावते. हीच साखर युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रिपोर्टवर ७ अशी येते, कारण आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि ते मिलिमोलमध्ये. १८ ने भागलं की जुळतं. किडनीच्या क्रिएटिनिनला गुणक वेगळा, ८८.४. आपल्याकडचा १.१ त्यांच्याकडे ९७ होतो. एकदा एका साइटकडून क्रिएटिनिन ९७ असं आलं, पुढे एकक मिलिग्रॅम. तसा आकडा असलेला माणूस जिवंतच नसतो. क्वेरी पाठवली, उत्तर आलं 'लॅबने दिलं तसंच भरलंय'. लॅबचं मशीन नवं होतं आणि त्याची सेटिंग्ज परदेशी होती. हे पकडायला कुणी हुशार लागत नाही, एक ठरलेली चौकट लागते: आकडा या रकान्यात, एकक त्या रकान्यात, आणि त्या लॅबची नॉर्मल रेंज शेजारी. सीडिस्क नावाची संस्था १९९७ पासून असल्या चौकटी बनवते आहे. आता अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रकाला, चाचणीचा डेटा द्यायचा तर त्यांच्याच साच्यात द्यावा लागतो. पेशंटची माहिती एका तक्त्यात, त्रास दुसऱ्यात, लॅब तिसऱ्यात, आणि सगळ्यांना जोडणारा पेशंटचा एकच नंबर. ऐकायला रटाळ आहे, पण हे नसेल तर तीस देशांतल्या पेशंटांचं एकत्र गणित मांडताच येत नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं, ते थोडक्यात सांगते.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेची गोळी, गरोदर बायकांच्या मळमळीवर चांगली म्हणून खपली. १९६१ च्या शेवटी ती मागे घेतली गेली तोवर जगभरात हजारो मुलं हात-पाय खुंटलेली जन्मली होती. अमेरिकेत ती विक्रीला आली नाही, कारण एफडीएमधल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी 'पुरावा अपुरा आहे' म्हणत फाइल अडवून धरली होती. त्या धक्क्यानंतर प्रत्येक देशाने आपापले कडक कायदे केले. चांगलंच झालं, पण प्रत्येकाने वेगळे केले. ऐंशीच्या दशकापर्यंत अशी गत झाली की एकाच औषधासाठी तीच तपासणी एका देशात एका पद्धतीने करायची आणि दुसऱ्या देशासाठी पुन्हा वेगळ्या पद्धतीने. तेच प्राणी पुन्हा मारायचे, तीच माणसं पुन्हा टोचायची. शेवटी एप्रिल १९९० मध्ये युरोप, अमेरिका आणि जपान यांचे औषध नियंत्रक आणि तिथल्या कंपन्यांच्या संघटना ब्रुसेल्सला एकत्र बसल्या. त्यातून आयसीएच, म्हणजे देशोदेशींचे औषधांचे नियम जुळवणारी परिषद, उभी राहिली. चाचणी नीतीने आणि नीट कशी करायची याचा तिचा नियमग्रंथ, जीसीपी, १९९६ चा. औषधाची फाइल कशी लावायची हे २००० मध्ये ठरलं. पाच भाग, पैकी पहिला ज्याच्या त्याच्या देशाचा, उरलेले चार सगळीकडे सारखे.

त्या टेबलावर भारत नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता गणपती.

२०१९ मधली गोष्ट. मधुमेहाच्या एका नव्या गोळीची चाचणी आमच्या हॉस्पिटलात आली. भरती जूनमध्ये सुरू झाली आणि धडाधड झाली, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदरावरचे पुरुष एरवी सापडत नाहीत, ते घरी होते. हर्णै, दाभोळ, बुरोंडी इथले दालदी, कोळी, भंडारी. सगळ्यांची साखर वाढलेली, आणि 'तपासणी फुकट, गोळी फुकट' म्हटल्यावर येणारच. प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे चाचणीच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, पुढची मोठी व्हिजिट बरोबर बारा आठवड्यांनी, अलीकडे-पलीकडे तीन दिवस चालतील. याला व्हिजिट विंडो म्हणतात. १० जूनला भरती झालेल्याचे बारा आठवडे भरतात २ सप्टेंबरला. कालनिर्णय काढा आणि बघा, २०१९ ची गणेश चतुर्थी कधी होती. २ सप्टेंबर. तीन दिवस पुढे म्हणजे ५ सप्टेंबर, त्या दिवशी गौरी घरात येणार. विसर्जन ७ ला. म्हणजे विंडो बंद होते तेव्हा कोकणातलं एकही माणूस घराबाहेर पडायच्या स्थितीत नसतं. मुंबईहून चाकरमानी आलेले, घरात पंधरा माणसांचं जेवण, एसटीला उभं राहायला जागा नाही. आणि रक्त द्यायचं ते उपाशीपोटी, म्हणजे आरती-प्रसाद सोडून. कोण येणार?

काही जण आले, त्यांचं मला आजही नवल वाटतं. बरेच आले नाहीत. न आलेल्या प्रत्येकाची 'प्रोटोकॉल डेव्हिएशन' म्हणून वेगळी नोंद. त्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: हे पुन्हा घडू नये म्हणून काय उपाय केला? मी तिथे कर्सर ठेवून बराच वेळ बसले होते. गणपती आणणं बंद केलं, असं लिहायचं? कंपनीतर्फे आमच्या नोंदी तपासणारा मॉनिटर बंगळूरचा, स्वभावाने चांगला. म्हणाला, "मॅडम, दिवाळी आम्ही धरली होती." दिवाळी धरली होती! आमच्याकडे दिवाळीत माणसं कंदील लावून हॉस्पिटलात येऊन जातील. गणपतीत नाही.

बरं, सण एकाच तारखेला तरी येतो का? २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर. कुठल्याही परदेशी सॉफ्टवेअरच्या सुट्ट्यांच्या यादीत हे बसत नाही.

पण गणपती दहा दिवसांत संपतो. खरा घोळ होता बोटींचा. १ ऑगस्टपासून समुद्र खुला झाला, नारळी पौर्णिमेनंतर तर सगळ्या बोटी बाहेर, आणि आमचे जूनमध्ये भरती झालेले पेशंट एकेक करून गळायला लागले. फोन लावला की "ताई, बोटीवर हाय. चार दिसांनी किनाऱ्याला लागताव." चार दिवसांनी विंडो संपलेली असायची. पुढच्या चाचणीच्या वेळी हॉस्पिटलात कुणीही काही ठरवलं नाही, कुठे लिहिलं नाही, पण बोटीवर जाणाऱ्याला कुणी विचारलंच नाही. शिक्षक, बँकवाले, निवृत्त लोक आणि घरात असणाऱ्या बायका घेतल्या. नोंदी स्वच्छ, डेव्हिएशन नावाला. साइटचं कौतुक झालं. आणि त्या औषधाच्या माहितीत कुठेही दिसणार नाही की पहाटे तीनला उठणारा, बर्फात हात घालून काम करणारा, अवेळी भात-मासे खाणारा माणूस त्यात नव्हताच. चाचणीत कोण घ्यायचं, कोण नाही याचे निकष छापील असतात: वय, वजन, साखर, लिव्हर. 'समुद्रावर जात नसावा' असं कुठेच छापलेलं नसतं. तो निकष वेळापत्रक लावतं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. रुळांचं माप सगळीकडे एकच हवं, त्याशिवाय गाडी रोह्याच्या पुढे येणारच नाही. पण गाडी खेडला थांबवायची की नाही, हे रुळांच्या मापावरून ठरत नसतं. तारीख, एकक, पेशंटचा नंबर, त्रासाची नोंद, संमती, हे जगभर तसूभरही वेगळं नको. व्हिजिट कधी, कुठे, कशी, हे मात्र त्या गावाला विचारून ठरवा. आज उलट चाललंय. कंपन्या साइट निवडताना जी भलीमोठी प्रश्नावली पाठवतात, तिच्यात फ्रीज किती अंशांवर चालतो, इंटरनेटचा वेग किती, मधुमेहाचे पेशंट किती, सगळं विचारतात. माणसं वर्षात कधी गावात नसतात, हे एकाही प्रश्नावलीत मी पाहिलेलं नाही.

संमतीबद्दल मात्र मी नियमांच्या बाजूने भांडेन. बऱ्याच डॉक्टरांना तो फॉर्म म्हणजे कटकट वाटतो. वीसेक पानांचा असतो, मान्य. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. पेशंट दुर्बल गटातला असेल आणि औषध अगदी नवं रसायन असेल तर बोलणं व्हिडिओवर रेकॉर्ड करावं लागतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चाचण्यांतल्या मृत्यूंचं प्रकरण चाललं, त्यातून हे आलं. मार्च २०१९ च्या नव्या नियमांत ते पक्कं झालं, भरपाईचं सूत्रसुद्धा. याच नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत, म्हणजे चाचणी नीतीला धरून आहे का ते बघून मंजुरी देणाऱ्या समितीत, किमान सात माणसं लागतात आणि त्यांत एक तरी सामान्य माणूस हवा, डॉक्टर नाही, वकील नाही.

आमच्या कमिटीत ती सामान्य माणूस म्हणजे एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे. सुती साडी, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. आठ-नऊ डॉक्टर मंडळी लिव्हर एन्झाइमवर बोलत असायची आणि बाई शांतपणे पानं उलटत बसायच्या. एकदा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी. बरोबर? मग केळशीचा माणूस इथे आठला येणार कशाने? पहिली गाडी इथे पोचते साडेनवाला." कुणी बोलेना. बाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे तो आदल्या दिवशी येणार. राहणार कुठे? मधुमेहाचा माणूस, रात्रभर स्टँडवर उपाशी बसवणार आहात का तुम्ही त्याला?" त्या दिवशी प्रोटोकॉलमध्ये काही बदललं नाही, ते कमिटीच्या हातात नसतं. पण मंजुरीला एक अट लागली: लांबच्या पेशंटला मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च, आणि रक्त घेण्याची वेळ दहापर्यंत. प्रायोजक कंपनीने एका ईमेलमध्ये मान्य केलं. एवढं सोपं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंसारखं माणूस प्रत्येक कमिटीत असावं, असा नियम कुठल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला लिहिता आला असता तर मी पहिली सही केली असती.

मग लोक म्हणतात, हे जागतिक नियम म्हणजे मोठ्या शहरांचा आणि मोठ्या कंपन्यांचा खेळ, छोट्या गावात काय होणार? त्यांना मी महाडला पाठवते. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा तांबड्या विंचवाने माणसं मरत होती, मुलं तर जास्तच. विष रक्तात गेलं की हृदय आणि फुप्फुसं कोलमडतात, तोंडाला फेस येतो. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरून बघितलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांचे निष्कर्ष ऐंशीच्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पण मला त्याहून जास्त भावते ती त्यांची नंतरची चाचणी. पुढे विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे दंश झाल्यावर द्यायचं प्रतिविष, उपलब्ध झाली. आता प्रश्न असा, की नुसतं प्रॅझोसिन पुरे की सोबत लस द्यायची? अनुभवावर विसंबून काहीही सांगता आलं असतं, त्यांचं नाव एवढं मोठं होतं की लोकांनी ऐकलं असतं. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात रीतसर चिठ्ठीपद्धतीने चाचणी केली. ७० पेशंट, ३५ इकडे, ३५ तिकडे. दहा तासांनी लक्षणं पूर्ण गेलेले पेशंट लस आणि प्रॅझोसिन दोन्ही दिलेल्या गटात ३२, नुसत्या प्रॅझोसिनच्या गटात ८. २०११ मध्ये 'बीएमजे'ने छापलं. जगात कुठेही विंचूदंशावर काम करणाऱ्याला महाडचा तो तक्ता उघडावा लागतो. तो उघडता येतो, कारण तो जगाच्या रीतीने मांडलेला आहे. महाडच्या डॉक्टरचा अनुभव महाडात राहिला असता. महाडची चाचणी मेक्सिकोत वाचता येते.

अशी दुसरी चाचणी कोकणात आज किती जण करू शकतील? कायद्याची आडकाठी वाटते तेवढी नाही. २०१९ च्या नियमांत अभ्यासासाठीच्या चाचण्यांना वाट ठेवली आहे: औषध आधीच मंजूर असेल, त्याचा नवा उपयोग तपासायचा असेल आणि निकाल कंपनीच्या मंजुरीसाठी वापरायचा नसेल, तर एथिक्स कमिटीची परवानगी पुरते, दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते, ती २००९ पासून सक्तीची आहे आणि फुकट आहे. आडकाठी आहे ती धास्तीची. जीसीपी म्हटलं की डोळ्यांसमोर फायलींनी भरलेलं कपाट येतं. प्रत्येक कागदाची प्रत, प्रत्येक प्रतीवर सही, सहीखाली तारीख, आणि फ्रीजच्या तापमानाचा आलेख. ही धास्ती अर्धी खरी आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा असली किती कपाटं वाशिष्ठीने नेली असतील, देव जाणे.

अर्धी खोटी आहे ती अशी. करोनात मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची चाचणी सुरू झाली. साध्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये, वॉर्डात धावपळ चाललेली असताना. फॉर्म अगदी छोटा ठेवला, पुढची माहिती सरकारी आरोग्य नोंदींतून आपोआप उचलली, पेशंटला पुन्हा पुन्हा बोलावलं नाही. १६ जूनला निकाल जाहीर: डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. डेक्सामेथासोन! आमच्या दापोलीच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं, साठच्या दशकापासून वापरातलं औषध. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग होत नाही हेही सांगितलं, जेव्हा जगभर, आपल्याकडेही, लोक त्या गोळ्या साठवत होते. नियम मोडून नाही केलं हे. जे मोजायचं ते नेमकं मोजलं, बाकीचं सोडलं.

जानेवारी २०२५ मध्ये आयसीएचने जीसीपीची नवी आवृत्ती मंजूर केली, तिच्यात हेच शहाणपण शिरलंय. धोका जेवढा, तेवढीच यंत्रणा. पेशंटवर आणि डॉक्टरवर विनाकारण ओझं नको. वाचून मला बरं वाटलं. आता हे कंपन्यांच्या वकिलांच्या गळी उतरायला किती वर्षं लागतील ते बघायचं. नियम 'पुरेसं ठेवा' म्हणतो, आणि खाली येईपर्यंत त्याचं 'असू दे, आणखी एक प्रत' होतं. भारताची औषध नियंत्रक संस्था, सीडीएससीओ, आयसीएचमध्ये निरीक्षक म्हणून बसते. निरीक्षकाने गप्प बसावं असा काही नियम नाही.

आणि अशा साध्या चाचण्या का महत्त्वाच्या, तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. दर पावसाळ्यात सिंधुदुर्ग, रत्नागिरीत चिखलात लावणी करणारी माणसं तापाने पडतात. उंदरांच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगांत. लेप्टोच्या भागात आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्या म्हणतात. आमच्या मावशींनी मला विचारलं, "गोळी खरंच लागू पडते का गं?" मी शोधलं. सगळ्यात नाव असलेला पुरावा १९८४ चा आहे: पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेले ९४० अमेरिकन सैनिक. नुसत्या गोळीच्या, म्हणजे औषध नसलेल्या गटात २० जणांना लेप्टो झाला, डॉक्सिसायक्लिनच्या गटात एकाला. झकास निकाल. पण ते तरणेताठे सैनिक, तीनेक आठवड्यांपुरते जंगलात. मावशी बासष्टच्या, ॲसिडिटीच्या, जूनपासून नवरात्रापर्यंत चिखलात. अंदमानात नंतर ७८२ लोकांवर चाचणी झाली, २००० मध्ये छापली गेली. तिच्यात संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच झाला, आजारी पडणं मात्र गोळीवाल्यांत कमी. म्हणजे उत्तर आहे 'बहुतेक हो', आणि किती, कुणाला, किती आठवडे, हे अर्धवट.

हे उत्तर कोकणातच मिळू शकतं. औषध मंजूर, स्वस्त. पेशंट इथे, आरोग्य केंद्रं इथे, घराघरात जाणाऱ्या आशाताई इथे. व्हिजिट लावणीच्या बांधावर होऊ शकते, कुणाला एसटीने बोलवायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या किंवा आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या मेडिकल कॉलेजने, एखाद्या हट्टी डॉक्टरने हे अंगावर घेतलं तर डेटाबेस मी बांधून देईन, साफही करून देईन, पैसे नकोत. दोन अटी. फॉर्म एका पानाचा, आणि कमिटीत बाईंना घ्यायचं.